‘परतणे’ आणि ‘पश्चात्ताप’ : योनाच्या ग्रंथातील उपयोजनाचा प्रश्न

हिब्रू संदेष्ट्यांची वाणी श्रद्धावंत वाचक स्वतःच्या आयुष्याला लावून घेतो, तेव्हा ऐतिहासिक समीक्षेचा अभ्यासक अस्वस्थ होतो. त्याचा आक्षेप सरळ आहे. ही वाणी विशिष्ट राजांना, विशिष्ट नगरांना, विशिष्ट राजकीय पेचप्रसंगी उद्देशून उच्चारली गेली. शतकांनंतरच्या एखाद्या एकाकी जिवाची अपराधभावना तिच्यात शोधणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे पत्र आपले म्हणून फोडणे होय. आक्षेप निराधार नाही. भक्तिपर विवेचनाच्या नावाखाली संहितेची किती ओढाताण होते, हे सर्वज्ञात आहे. तरीही या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत आहे. आधी अर्थ कळतो आणि मग, ऐच्छिक पुरवणी म्हणून, त्याचे उपयोजन होते, हे ते गृहीत. गादामर यांनी १९६० साली ‘सत्य आणि पद्धती’मध्ये ते नाकारले आणि न्यायाधीशाच्या व धर्मोपदेशकाच्या वाचनाचे दाखले देऊन उपयोजन हे आकलनाचेच अंग असल्याचे प्रतिपादन केले. परंतु हिब्रू बायबलपुरता विचार करायचा, तर गादामरपर्यंत जाण्याचीही निकड नाही. योनाच्या छोटेखानी ग्रंथाने हाच प्रश्न कथाविषय केला आहे.

निनवेत शिरल्यावर योना जे बोलतो, ते हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचे आहे : चाळीस दिवसांची मुदत, आणि नगर उलथले जाणार ही घोषणा. (ग्रीक सप्ततीत ही मुदत तीन दिवसांची आहे.) अपराध कोणता, हे तो सांगत नाही. वळा, असे म्हणत नाही. आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत हेही उच्चारत नाही. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. व्याकरणदृष्ट्या हे निव्वळ भविष्यकथन आहे. त्यात योजलेले ‘हाफख’ हे क्रियापद सदोमच्या विध्वंसासाठी आलेले आहे, तसेच ते मन पालटण्यासाठी, शौल दुसराच माणूस होऊन गेला त्यासाठीही येते. म्हणजे नगर ‘उलथेल’ की ‘पालटेल’, हे शब्दाने पक्के केलेले नाही. योनाच्या मनात पहिलाच अर्थ आहे. शब्दाचा दुसरा अर्थ नगरवासी आपल्या कृतीने घडवून आणतात.

येथे निनवेकर हे संदेष्ट्याच्या वाणीचे वाचक ठरतात, आणि योनापेक्षा चांगले वाचक ठरतात. ते देवावर विश्वास ठेवतात. राजा सिंहासनावरून उठतो, राजवस्त्र उतरवून राखेत बसतो. देवही कदाचित वळेल, कोणास ठाऊक, एवढ्याच अनिश्चित आधारावर आज्ञा काढतो. निर्णयाच्या विधानात त्यांनी न उच्चारलेली अट वाचली. ही अट त्यांची कल्पना नव्हे. यिर्मयाच्या ग्रंथातील कुंभाराच्या प्रसंगात हा नियम स्पष्ट मांडला आहे : ज्या राष्ट्राविषयी विनाश बोलला गेला, ते वळले तर देवही त्या विनाशापासून मागे सरतो. यिर्मया हा नियम यहूदाला सांगतो आणि यहूदा तो मानत नाही. निनवेला कोणी सांगितलेला नाही, तरी ती त्याप्रमाणे वागते.

ईगल्टन यांनी ऑस्टिनच्या वाक्कृतीच्या सिद्धान्ताच्या आधारे या ग्रंथाकडे पाहिले आहे, आणि यशस्वी झाले तर खोटे ठरणारे भविष्यकथन ही विसंगती तेथे नेमकी टिपली जाते. मात्र या विसंगतीची झळ कोणाला बसते, हे हिब्रू परंपरेतूनच कळते. अनुवादाच्या ग्रंथातील कसोटीनुसार ज्याचे बोलणे खरे होत नाही, तो संदेष्टा खोटा. योना ‘अमित्तय’चा पुत्र आहे, आणि त्या नावात सत्यवाचक ‘एमेत’ या शब्दाचा धातू आहे. चौथ्या अध्यायात तो रागावून देवाच्या दयाळूपणाचे जे वर्णन करतो, ते निर्गमातील सुप्रसिद्ध सूत्रावरून उचललेले आहे. पण मूळ सूत्रात दयेच्या जोडीला जेथे ‘एमेत’ येते, तेथे योनाच्या तोंडी ते नाही. त्या जागी अनिष्टाविषयी मन पालटणारा देव येतो. हीच योनाची तक्रार आहे. त्याला धर्मवचन तोंडपाठ आहे आणि अर्थही ठाऊक आहे; फक्त ते वचन, माशाच्या पोटातून वाचल्यावरही, त्याने स्वतःला लावून पाहिलेले नाही.

मराठी वाचकाच्या वाटेत या ठिकाणी एक शब्द आडवा येतो : ‘पश्चात्ताप’. मागाहून होणारा ताप. संतवाङ्मयातील ‘अनुतापा’ची सारी धग या शब्दात उतरली आहे, आणि ख्रिस्ती मराठीने तो स्वीकारला तेव्हा ही धगही सोबत आली. हिब्रूत माणसांसाठी योजलेले क्रियापद ‘शूव’ आहे. त्याचा अर्थ परतणे, मागे फिरणे. ते पायांचे क्रियापद आहे. याच ग्रंथात वादळात सापडलेले खलाशी जहाज किनाऱ्याकडे परत वळवण्यासाठी वल्ही मारतात, तेव्हाही हाच धातू येतो. मन हळहळणे, बदलणे यासाठी ‘नहम’ हे निराळे क्रियापद आहे, आणि योनाच्या ग्रंथात त्याचा कर्ता प्रत्येक वेळी देव आहे, माणूस एकदाही नाही. माणसे परततात, हळहळतो तो देव. ‘निनवेने पश्चात्ताप केला’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा देवाकडचे क्रियापद माणसाकडे जाते.

हे स्थलांतर मराठीने सुरू केलेले नाही. सप्ततीच्या भाषांतरकाराने ‘नहम’साठी ‘मेतानोएओ’ हे ग्रीक क्रियापद वापरले, म्हणजे तेथे मन बदलणारा देवच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात योनाच्या घोषणेचा उल्लेख येतो तेव्हा तेच क्रियापद निनवेकरांना लावलेले आहे. तोवर यहुदी ग्रीकमध्ये त्याला परतण्याचाही अर्थ येऊ लागला होता, त्यामुळे ही चूक म्हणता येणार नाही. पण पुढच्या वाचकांसाठी दिशा बदलली. प्रश्न ‘कोठे वळलास?’ असा होता, तो ‘तुला काय वाटले?’ असा झाला. आधुनिक काळात ज्याला वैयक्तिक श्रद्धा म्हटले जाते, ती बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नाभोवती उभी आहे. आणि ऐतिहासिक समीक्षकाचा संशय खरे तर तिच्यावरच आहे.

मग वैयक्तिक असे काही या संहितेत आहे की नाही? आहे, पण ते भावनेत नसून वाक्यरचनेत आहे. राजाची आज्ञा सामुदायिक आहे, इतकी की गुरेसुद्धा तागाच्या वस्त्रात गुंडाळली जातात. त्या आज्ञेतच ‘प्रत्येक माणसाने आपल्या वाईट मार्गापासून’ फिरण्याची भाषा येते. ‘मार्ग’ एकवचनी, प्रत्येकाचा आपला. यिर्मयाच्या ग्रंथात हाच प्रयोग वारंवार आढळतो. छत्तिसाव्या अध्यायात तर गुंडाळीचे लेखनच प्रत्येकाने आपापल्या मार्गापासून फिरावे या आशेने होते. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली गेली. हिवाळ्याचे दिवस होते, समोर शेगडी पेटलेली होती. वाचलेला भाग लेखनिकाच्या चाकूने कापून तो शेगडीत टाकत गेला. आपली वस्त्रे त्याने फाडली नाहीत. पूर्ण संहिता हाती असलेला यरुशलेमचा राजा आणि पाच शब्द कानी आलेला निनवेचा राजा या दोघांना शेजारी ठेवले, की उपयोजनाशिवायचे आकलन म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

रब्बींच्या परंपरेने निनवेचे हे वळणे भाबडेपणाने स्वीकारलेले नाही. मिश्नेत उपवासाच्या दिवशी वडीलधारा लोकांना बजावतो की, देवाने निनवेकरांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. बाबिली तालमुदानुसार चोरीचा वासा वाड्यात बसवलेला असेल, तर वाडा पाडून वासा मूळ मालकाला परत करण्याइतके ते वळणे खरे होते. यरुशलेमी तालमुदात मात्र रेश लाकिश त्याला फसवे ठरवतो : वासरे आईपासून तोडून त्यांनी देवाशी घासाघीस केली. मतभेद तीव्र आहे, पण दोन्ही बाजूंचा पुरावा वासा आणि वासरू हाच आहे. निनवेकरांच्या मनात काय होते, याची चौकशी येथे कोणी करत नाही.

ख्रिस्ती भाष्यपरंपरेत योना हा परकीयांच्या तारणाचा मत्सर करणाऱ्या इस्राएलाचा नमुना झाला. ऑगस्टीनपासून हे वाचन चालत आले आणि आधुनिक विद्वत्तेतही ‘संकुचित यहुदी’ हा शेरा बराच काळ टिकला. हेही उपयोजनच, पण दुसऱ्याला लावलेले! यहुदी उपासनेने याच्या नेमके उलट केले. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारनंतरच्या प्रार्थनेत हा ग्रंथ संपूर्ण वाचला जातो, आणि ऐकणारा समाज आपोआप निनवेच्या जागी बसतो. अश्शूरने इ. स. पू. ७२२च्या सुमारास उत्तरेचे राज्य बुडवले. ज्यांचे पूर्वज त्यात नष्ट झाले, ते वर्षातून एकदा त्या साम्राज्याच्या राजधानीकडून परतणे शिकतात. निनवे स्वतः इ. स. पू. ६१२ मध्ये पडली, आणि नहूमच्या ग्रंथाने त्या पतनाचा जल्लोष केला. बारा लघुसंदेष्ट्यांपैकी प्रश्नाने संपणारे ग्रंथ दोनच : नहूम आणि योना. दोन्ही प्रश्न निनवेविषयीचे.

जाता जाता कोकणातील बेने इस्राएल समाजाची आठवण येथे व्हावी. हिब्रू संहितांशी संबंध तुटलेल्या काळातही हा दिवस त्यांनी उपवास करून, घराची दारे लावून पाळला, आणि सणाचे मराठी नावही दार बंद करण्यावरूनच पडले. योना तेथे कोणी वाचत नव्हते. संहिता हरवली तरी कृती उरली होती. भावनेची परिभाषा हरवली असती तर त्यांना बहुधा जाणवलेही नसते.

योनाचा ग्रंथ देवाच्या प्रश्नाशी थांबतो : उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ गुरे यांची कीव त्याने करू नये काय? योनाचे उत्तर नाही. उपासनेत मात्र वाचन येथे थांबत नाही. मीखाच्या ग्रंथातील शेवटची तीन वचने त्याला जोडून वाचली जातात. वाङ्मयीन दृष्टीने ही जोड खटकते, कारण ग्रंथाने उघडा ठेवलेला प्रश्न ती झाकू पाहते. पण त्या वचनांत पापे समुद्राच्या खोल तळाशी टाकली जातात, त्या ‘मेत्सुला’त, जेथून योनाने प्रार्थना केली होती, आणि निर्गमाच्या सूत्रातून योनाने गाळलेला ‘एमेत’ हा शब्द, याकोबाला दिलेले दान म्हणून, तेथे पुन्हा येतो.