सिस्टिम कोणती घ्यावी? नियम, सूत्रधार आणि कच्चा लिंबू

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण नियमांचे दोन प्रकार पाहिले. एक, आधीपासून चाललेल्या व्यवहाराला शिस्त लावणारे. रस्त्याच्या डावीकडून गाडी हाका, हा त्यातला. दुसरे, व्यवहारालाच जन्म देणारे. हत्ती सरळ आणि उंट तिरका हे काढून टाकलं, तर बुद्धिबळ बेशिस्त होत नाही, ते उरतच नाही. जॉन सर्ल यांचा हा भेद आज आपण टेबलावरच्या रोलप्लेइंग गेमला लावून पाहू. चार-पाच जण बसतात, एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, गोष्ट बोलत बोलत पुढे जाते आणि शंका आली की फासे पडतात. अशा गटाने सिस्टिम, म्हणजे नियमावली, कोणती निवडावी?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: सूत्रधार चांगला असला की कोणतीही सिस्टिम चालते. आम्हाला ते पटत नाही. या उत्तरात नियम पहिल्या प्रकारचे धरलेत. गोष्ट आधीच तयार आहे आणि नियम फक्त वाहतूक सांभाळतात, असं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, तो लढायांच्या पटखेळांतून. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत अनुभवाचे गुण मुख्यतः लुटून आणलेल्या खजिन्याचे मिळत. एका सुवर्णनाण्याला एक गुण. राक्षस मारून त्या मानाने थोडेच. म्हणजे शहाणा खेळाडू काय करणार? राक्षसाला चुकवणार, फसवणार, झोपेत असताना पेटी पळवणार. पुढे नाण्यांचा हिशेब मागे पडला, गुण मुख्यतः लढाईचे झाले, तशी माणसं लढू लागली. भुयार तेच, राक्षस तेच. गोष्ट बदलली ती गुण कशाला मिळतात त्यामुळे.

आता 'कॉल ऑफ क्थुलू' घ्या, १९८१चा. इथे पात्रं साधी माणसं, तपास करणारी. हाणामारीत पडली तर पटकन मरतात. प्रत्येकाच्या कागदावर मनःस्वास्थ्याचा आकडा असतो. त्या अमानवी गूढाचं ज्ञान जसजसं वाढतं, तसतशी या आकड्याची कमाल मर्यादा ९९ वरून खाली उतरते. ज्ञानाने मुक्ती मिळते असं ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबावं! भयकथेचं सगळं तत्त्वज्ञान एका वजाबाकीत आहे. तेच भय तुम्ही डी अँड डीत आणायला गेलात, तर खेळाडू आपल्या कागदाकडे बघतो, तिथे तलवार दिसते, आणि तो ती उपसतो. त्याचं काही चुकलं नाही.

फाशांचंही तसंच. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, पाच टक्के. व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये (२०१०) दोन साधे फासे पडतात. दहा किंवा वर आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होतं पण किंमत मोजून, सहा किंवा खाली आले तर सूत्रधाराची पाळी. काहीच अधिक-उणे न करता छत्तीसपैकी पंधरा वेळा मधला निकाल येतो. 'झालं, पण' हा त्या खेळाचा स्थायीभाव. आणि सूत्रधार स्वतः फासे टाकतच नाही.

आता पुन्हा त्या चांगल्या सूत्रधाराकडे येऊ. तो कुठल्याही सिस्टिमवर कुठलीही गोष्ट रंगवतो, हे खरं. पण कशी? अडचणीचे नियम बाजूला सारून. मग खरे नियम उरतात कुठे? त्याच्या डोक्यात. बाकीचे चौघे पुस्तक वाचून आलेत आणि खेळ मात्र दुसराच चाललाय. त्याच्या स्वभावाची नस सापडलेला बोलका गडी पुढे जातो. अबोल गड्याला कागदावरच्या आकड्यांचाच काय तो आधार होता, तोही गेला. लहानपणी आपण ज्याला कच्चा लिंबू म्हणायचो, तसा तो होतो. खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य येत नाही. असा माणूस दोन-तीन बैठकांनी यायचा बंद होतो आणि सगळे म्हणतात, त्याला वेळ नसेल.

तेव्हा निवडताना 'आपल्याला कसली गोष्ट आवडते' एवढंच विचारून भागत नाही. सगळ्यांनाच सगळं आवडतं हो! मागच्या बैठकीत लोक कशावर रेंगाळले ते आठवा. डावपेचांवर तासभर गेला आणि कोणी कंटाळलं नाही, तर डी अँड डी सोडायचं कारण नाही. लढाई सुरू झाली की दोघं फोन काढत असतील, तर आहे. नियम वाचणारा एकच असेल तर जाड पुस्तक घेऊ नका. सगळी सत्ता आपोआप त्याच्याकडे जाईल. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को' (२००९) बघा: तीन ते पाच जण, सूत्रधार नाहीच.

चालू कथानक अर्ध्यावर असताना सिस्टिम बदलायची तर पात्रांचं काय, असं एका चिठ्ठीत विचारलंय. आकडे नेता येत नाहीत, तो खटाटोप करू नये. प्रत्येकाला आपलं पात्र पाच ओळींत लिहायला सांगा, आकड्यांशिवाय, आणि नव्या कागदावर त्यातून सुरुवात करा. अबोल गड्याच्या पाच ओळी आधी वाचा.