जकातीच्या नाक्यावरचा हाजी : इब्न जुबैर आणि इब्न बतूता यांचे इस्कंदरिया

सफरनामा हा आपल्या समाजात आवडीने वाचला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. हजहून परतलेला माणूस वही भरून लिहितो, कोणी ते छापून आप्तेष्टांत वाटतो. असे लेखन आम्ही आदराने वाचतो, पण वाचून झाल्यावर शहर डोळ्यांपुढे उभे राहत नाही. सगळीकडे नूर आणि रहमत. वाटेतली फसवणूक, रांगेतली धक्काबुक्की यांविषयी हाच माणूस घरी तासभर बोलतो. लिहिताना मात्र गाळतो. मुसलमानांच्या शहराविषयी तक्रार लिहिली तर ईमानात उणेपणा येईल, असे त्याला वाटते. ही भीती किती निराधार आहे हे पाहायचे असेल तर आठशे वर्षांपूर्वीच्या एका हाजीचा सफरनामा वाचावा.

इब्न जुबैर हा अंदलुसचा. जन्म ११४५, बालेन्सियाचा. ग्रानाडाच्या सुभेदाराकडे तो कातिब होता. हजच्या इराद्याने निघून, जिनोव्हाच्या ख्रिस्ती खलाशांच्या जहाजातून महिनाभर समुद्र कापून तो २६ मार्च ११८३ रोजी इस्कंदरियाला, म्हणजे मिसरच्या अलेक्झांड्रियाला, प्रथमच उतरला. राज्य सलाहुद्दीन अय्यूबीचे. साहजिकच वाचकाची अपेक्षा असते, की आता स्वागताचे आणि सजद्याचे वर्णन येईल.

येते ते झडतीचे. सुलतानाचे कारकून जहाजावर चढतात, एकेका मुसलमानाचे नाव, वर्णन, देश लिहून घेतात. जवळ काय आहे ते विचारून त्यावर जकात लावतात. त्या मालावर वर्ष पूर्ण झाले की नाही, हे कोणी विचारीत नाही. बहुतेकांजवळ हजच्या वाटखर्चापलीकडे काहीच नसते. नाक्यावर सामानाची उलथापालथ होते, कमरेच्या वस्त्रांत हात घातले जातात, वर आणखी शपथ घ्यायला लावतात. त्या गर्दीत कितीतरी वस्तू नाहीशा होतात.

मराठीत ‘जकात’ हा शब्द नाक्यावरच्या करासाठी रूढ झाला, याची येथे आठवण होते. इब्न जुबैरच्या तक्रारीचा गाभा नेमका हाच आहे. इबादतीचे नाव घेऊन कर उकळला जातो, याचे त्याला दुःख आहे. त्याची तक्रार दीनविरोधी नाही; ती दीनाच्याच मापाने केलेली आहे.

तेवढ्याच मोकळेपणाने तो शहराचे गुणही मोजतो. रस्ते रुंद, इमारती उंच. जमिनीखालचे बांधकाम वरच्याइतकेच मजबूत, घरांखालून नाईलचे पाणी वाहते. दूरदेशच्या विद्यार्थ्यांना राहायला जागा, शिकवायला उस्ताद आणि खर्चाला वजीफा. परदेशी आजाऱ्यांसाठी दवाखाना. मगरिबच्या मुसाफिरांना रोज दोन रोट्या. प्रसिद्ध दीपस्तंभाची एक बाजू तो स्वतः मोजतो. ती पन्नास वावांहून जास्त भरते. वरच्या मशिदीत नमाज पढतो. मशिदींची संख्या देताना मात्र लोक बारा हजारही सांगतात आणि आठ हजारही, असे दोन्ही आकडे लिहून ठेवतो. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणारी ही लेखणी आहे.

इब्न बतूता दौलताबादपर्यंत आल्यामुळे आपल्याला अधिक ओळखीचा. तो एप्रिल १३२६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, याच शहरात पोचला. त्याचा मजकूर रंगतदार आहे. शहराचे चार दरवाजे तो नावानिशी सांगतो. बंदराची तुलना कोल्लम, कालिकत, सूदाक आणि चीनच्या जैतूनशी करतो. पण पहिल्या भेटीच्या दिवशी यांपैकी एकही बंदर त्याने पाहिलेले नव्हते! हा मजकूर सुमारे तीस वर्षांनी त्याने सांगितला आणि इब्न जुजय्यने शब्दबद्ध केला. बुरहानुद्दीन या बुजुर्गांनी त्याच्या हिंद-चीनच्या प्रवासाचे भाकीत केल्याची हकीकतही सारा प्रवास पार पडल्यानंतर सांगितलेली आहे. शिवाय मक्का, मदिना, दमास्कस यांच्या वर्णनांत इब्न जुबैरचा मजकूर उचललेला आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पहिल्या दर्शनाचा ताजेपणा येथे शोधू नये.

तरी एका ठिकाणी इब्न बतूता मनाला भिडतो. पहिल्या भेटीत त्याला दीपस्तंभाची एक बाजू ढासळलेली दिसली. १३४९ मध्ये परतताना तो इतका कोसळला होता की दारापर्यंतही जाता येईना. एका माणसाच्या हयातीत एक आश्चर्य संपले. येथे त्याची आठवण साक्षीदाराचे काम करते.

इब्न जुबैरचा कस लागतो तो पुढच्या बंदरावर. सप्टेंबर ११८४ मध्ये तो अक्क्याला पोचला. शहर सलीबी फौजांच्या ताब्यात. मशिदींची झालेली अवस्था पाहून तो व्याकूळ होतो, शहराला बददुआ देतो. परंतु नाक्यावरच्या ख्रिस्ती कारकुनांनी झडती सभ्यपणे, जुलूम न करता घेतली, हेही लिहितो. आपल्यांचा जुलूम आणि परक्यांची सभ्यता, दोन्हींची नोंद एकाच वहीत आहे.

त्याच्यातही एक उणीव आम्हांस जाणवते. इस्कंदरियाच्या प्रकाराची खबर सुलतानाला नसावी, असली तर त्याने तो बंद केला असता, असे तो म्हणतो. हाजींवरचा मक्क्याचा कर सलाहुद्दीनने रद्द केला होता, त्यामुळे हा विश्वास अगदीच निराधार नव्हता. तरीही कारकून दोषी आणि राजा अजाण, ही मांडणी प्रत्येक काळातल्या राजाच्या सोयीची असते. कारकुनाला नाक्यावर बसवले कोणी, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही.

एवढे मान्य करूनही आमच्या लेखी इब्न जुबैर मोठा ठरतो. नाक्यावर लुबाडला गेलेला हा हाजी त्याच शहराच्या दीपस्तंभावर चढून नमाज पढला आणि दोन्ही गोष्टी त्याने लिहिल्या. त्याच्या श्रद्धेला त्यामुळे बाधा आली नाही. उलट त्याने केलेली स्तुती आपल्याला खरी वाटते, ती त्या तक्रारीमुळेच. मराठीत सफरनामे लिहिणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी पुढची वही उघडताना नाक्यावरची ती झडती आठवावी.