मानवी घटक प्रशिक्षण : दोन विमान-अपघात अहवालांच्या आधारे एक चिकित्सा

उद्योग, विमानवाहतूक आणि वैद्यकीय सेवा या क्षेत्रांत ‘मानवी घटक प्रशिक्षण’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. अपघातांचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून माणसांच्या परस्परव्यवहारात असते. संवाद, थकवा, निर्णयप्रक्रिया आणि हुद्द्याचा धाक यांविषयी कर्मचाऱ्यांना सजग केले की सुरक्षितता आणि गटाची कामगिरी या दोन्ही गोष्टी सुधारतात, असे या प्रशिक्षणाचे गृहीतक आहे. कनिष्ठाने वेळीच बोलावे, हे त्यातील सर्वांत लोकप्रिय सूत्र होय. प्रस्तुत लेखात या सूत्राची चिकित्सा केली आहे. त्यासाठी मुख्य आधार घेतला आहे तो मंगळूर (२०१०) आणि कोझिकोड (२०२०) येथील विमान-अपघातांच्या अधिकृत चौकशी अहवालांचा. दोन्ही अपघातांत विमानसेवा एकच, विमानाचा प्रकार एकच, दोन्ही धावपट्ट्या टेकडीच्या सपाट केलेल्या माथ्यावरच्या. आणि दोन्ही प्रसंगी कनिष्ठ वैमानिक बोलला होता.

या ज्ञानशाखेचा आरंभ प्रशिक्षणातून झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘बी-१७’ या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक विमान सुखरूप उतरवल्यानंतर फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच मिटवीत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चापानिस यांच्या लक्षात आले, की ही दोन्ही नियंत्रणे शेजारी-शेजारी असून हाताला सारखीच लागतात. त्यांनी वैमानिकांसाठी सजगतेचे वर्ग काढण्याचा सल्ला दिला नाही. चाकांच्या नियंत्रणाला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीच्या आकाराची मूठ बसवावी, असे सुचवले. ती चाकाच्या आकाराची मूठ आजच्या प्रवासी विमानांतही दिसते. चूक माणसाच्या हातून घडली तरी दुरुस्ती त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेची करावी, ही या विचाराची मूळ भूमिका होती. प्रशिक्षणाचा भर नेमका उलट दिशेचा आहे. व्यवस्था आहे तशी ठेवून तो माणसाला घडवू पाहतो.

हा बदल निष्कारण झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मरण पावली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असा प्रश्न फ्लाइट इंजिनिअरने विचारला होता. मुख्य वैमानिकाने ठामपणे तो निकालात काढला आणि उड्डाण चालूच ठेवले. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलँडजवळ चाकांच्या बिघाडाचा शोध घेत घिरट्या घालणाऱ्या विमानाचे इंधन संपले आणि १० जण दगावले. इंधन घटत असल्याचे सहकारी सांगत होते, परंतु त्यांच्या सांगण्यात निकड नव्हती. या अपघाताच्या चौकशीनंतर जी शिफारस करण्यात आली, तिला दोन भाग होते. मुख्य वैमानिकांना सहभागात्मक नेतृत्वाचे महत्त्व शिकवावे, हा पहिला. आणि इतर सहकाऱ्यांना ठामपणे बोलण्याचे शिक्षण द्यावे, हा दुसरा. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने तो जगभर पसरला. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतीलच सू सिटी येथे तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेल्या विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॅप्टन आल हेन्स यांनी कॉकपिटमध्ये कामाला लावले होते. या यशाचे श्रेय हेन्स नेहमी या प्रशिक्षणालाच देत आले. येथे एक बाब सहज निसटते. सू सिटीला यश आले ते कनिष्ठाच्या धाडसामुळे नव्हे. वरिष्ठाने मदत मागितली आणि ऐकून घेतले, म्हणून. म्हणजे शिफारशीचा पहिला भाग तेथे खरा ठरला.

आता मंगळूरकडे वळू. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्यू पावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने जो अहवाल दिला, त्यात सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ची, म्हणजे उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर नेण्याची, सूचना केल्याची नोंद आहे. ती न मानता अस्थिर अवस्थेतील विमान उतरवणे, हे अपघाताचे थेट कारण म्हणून सांगितले गेले. कॅप्टन प्रवासात दीर्घकाळ झोपले होते, आणि झोपेतून जागे झाल्यानंतरची ग्लानी त्यांच्या निर्णयशक्तीला बाधक ठरली असावी, हेही अहवाल नमूद करतो. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते सहवैमानिकाविषयीचे निरीक्षण. उतरणे रद्द करण्याचा अधिकार सहवैमानिकाला देणाऱ्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती. बहुधा त्यामुळेच तो वारंवार सांगत राहिला, पण नियंत्रण हाती घेतले नाही, असे अहवाल म्हणतो. बोलण्याचे शिक्षण होते, बोलणेही झाले. कमी होती ती बोलण्याला कृतीचे बळ देणाऱ्या निःसंदिग्ध नियमाची. ही उणीव वर्गात भरून निघणारी नाही. ती नियमपुस्तिका लिहिणाऱ्याच्या मेजावरची उणीव आहे.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या काळात परदेशातील भारतीयांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतील विमान भर पावसात कोझिकोडला धावपट्टीपलीकडे जाऊन कोसळले. विमानातील १९० पैकी २१ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वैमानिक त्यांत होते. या वेळीही ‘गो अराउंड’ची सूचना झाली होती आणि या वेळीही ती अमलात आली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने संभाव्य कारण म्हणून कॅप्टनने नियमांचे पालन न करणे याबरोबरच सहवैमानिकाने नियंत्रण हाती न घेणे याचाही उल्लेख केला. सहवैमानिकाच्या ठामपणाचा अभाव आणि दोघांच्या अधिकारातील तीव्र अंतर यांवरही अहवालाने बोट ठेवले आहे.

त्याच अहवालात एक वेगळी माहितीही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनकडे होते आणि कोझिकोड तळावर पुरेसे कॅप्टन उपलब्ध नव्हते. हे कंपनीच्या सदोष मनुष्यबळ धोरणाचे फलित होते, असे अहवाल स्पष्ट सांगतो. विमान दुसरीकडे वळवले असते, तर सकाळचे वेळापत्रक कोलमडले असते. हा ताण कॅप्टनच्या मनावर होता, हे अहवालाने ताडले आहे. परंतु वाक्यरचनेच्या पातळीवर पाहता, वैमानिकांचे वर्तन ‘कारण’ या शीर्षकाखाली येते आणि कंपनीचे धोरण ‘साहाय्यक घटक’ ठरते. संस्थात्मक उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, अशी नोंद अहवालात आहे खरी. पण मुख्य कारण म्हणून वाचकाच्या स्मरणात राहतात ते दोन वैमानिकच, आणि ते उत्तर देण्यास हयात नाहीत. चापानिस यांनी दोष दांड्यात शोधला होता. येथे दांडा तळटिपेत गेला.

कनिष्ठाच्या मौनाचे स्पष्टीकरण अनेकदा आपल्या संस्कृतीत शोधले जाते, आणि मराठी वाचकाला ते पटण्याजोगेही वाटते. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हे घरात आणि कचेरीत लहानपणापासून कानावर पडलेले असते. शंका विचारणाऱ्याला आगाऊ ठरवायला वेळ लागत नाही. तथापि हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. टेनेरिफच्या कॉकपिटमधील वैमानिक डच होते, पोर्टलँडचे अमेरिकी. मंगळूरच्या अपघातात भारतीय सहवैमानिक तीनदा बोलला आणि त्याचे न ऐकणारा कॅप्टन परदेशी होता. म्हण बदलली म्हणून वेळापत्रक बदलत नाही.

वैद्यकीय क्षेत्रातील पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. महाराष्ट्रातील उटी गावाहून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचे पुत्र, शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची १९ कलमी तपासणी-यादी तयार झाली. छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे तिच्यातील एक कलम आहे. परिचारिकेचा आवाज एकदा उमटला की पुढे तो उमटणे सोपे जाते, हा त्यामागचा हेतू. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात ती सक्तीची केल्यानंतर १०१ रुग्णालयांत मृत्यू वा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही (२०१४), जरी यादी वापरल्याच्या नोंदी रुग्णालये भरभरून करीत होती. याउलट अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रिया-चमूंच्या प्रशिक्षणानंतर मृत्यूदर १८ टक्क्यांनी घटला, तर प्रशिक्षण न झालेल्या ३४ रुग्णालयांत ७ टक्क्यांनी (२०१०). तेथे आधी दोन महिने तयारी झाली होती आणि नंतर वर्षभर पाठपुरावा. प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. एकदा उरकलेले प्रशिक्षण आणि रुग्णालयाच्या दैनंदिन व्यवहारात मुरलेले प्रशिक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे निश्चित.

अर्थात मुरण्यालाही मर्यादा आहे. उत्तर प्रदेशातील १२० प्रसूतिकेंद्रांत झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०१७) प्रत्यक्ष जागेवर जाऊन मार्गदर्शन केल्याने योग्य कृतींचे प्रमाण निश्चित वाढले. पहिल्या दोन महिन्यांनंतर ते ७३ टक्क्यांच्या आसपास होते, तर तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्क्यांच्या. तरीही माता व अर्भकांचे मृत्यू आणि मातांमधील गंभीर गुंतागुंत यांत फरक पडला नाही. वर्तन सुधारले म्हणजे निष्पत्ती सुधारली, हे समीकरण येथे मोडले.

अशा स्थितीत प्रशिक्षणानंतर भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-पत्रिकांचे मूल्य फारसे उरत नाही. ‘प्रसंगी वरिष्ठांना आपण थांबवाल काय?’ या प्रश्नाला प्रशिक्षणार्थी ‘होय’ असेच लिहिणार. मोजण्याजोगे आहे ते वेगळेच : वर्षभरात किती वेळा सहवैमानिकाच्या सूचनेवरून उतरणे रद्द झाले, त्यामुळे वाया गेलेल्या इंधनाचा व वेळेचा जाब कोणाला विचारला गेला, आणि ज्याने सूचना केली त्याचे पुढील कामवाटप कसे ठरले. या नोंदी प्रशिक्षण विभागाकडे नसतात. त्या कामवाटप करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या आणि बढत्या ठरवणाऱ्या विभागांच्या दप्तरात असतात.