फाशांनी घडवलेले ग्रह

भातुकलीतले घर कसे चालते याचे नियम कोणी लिहून ठेवत नाही. मुलांना ते ठाऊकच असतात. मोठी माणसे काल्पनिक जग उभे करून खेळू लागली की मात्र नियमांचे पुस्तक लागते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, आणि या छंदाने मूळ धरले. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. तेथे राक्षस, जादू, तळघरे असा मामला होता. विज्ञानाच्या शिक्षकाने पाहावा असा खेळ त्यानंतर तीन वर्षांनी, १९७७ साली आला. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’.

काळ्या वेष्टनाच्या तीन पातळ पुस्तिका आणि साधे सहा बाजूंचे फासे, एवढ्यावर यात अवकाशातला सगळा प्रवास होतो. (पात्राचे पूर्वायुष्यही फासेच ठरवतात. खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरण पावल्याची तक्रार जुने खेळाडू आजही हसत हसत करतात.) पण खरी गंमत ग्रह तयार करण्यात आहे. दोन फाशांच्या बेरजेतून २ वजा केले की ग्रहाचा व्यास हजार मैलांत मिळतो. पृथ्वीचा अंक ८. पुन्हा दोन फासे टाकायचे, ७ वजा करायचे, आकाराचा अंक मिळवायचा, की वातावरण ठरते. ० म्हणजे हवा नाही, ६ म्हणजे आपल्यासारखी, ११ म्हणजे गंजवून टाकणारी. असेच पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याची कडकाई. सात-आठ अंकांच्या ओळीत एक अख्खे जग मावते.

या ओळीतली प्रत्येक अधिक-उणे खूण हे एक विधान आहे. ‘वातावरणात आकार मिळवा’ याचा अर्थ मोठा ग्रह हवा धरून ठेवतो, लहान ग्रह सोडून देतो. मंगळाला (आकार ४) हे लागू पडते. आता शनीचा उपग्रह टायटन घ्या. व्यास ५,१५० किलोमीटर, म्हणजे अंक ३. मंगळाहून तो लहान, पण पृष्ठभागावरील हवेचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट, आणि त्या हवेत ऑक्सिजन नाही. अशा अनोळखी वायूंच्या वातावरणाला खेळात १० हा अंक आहे. आकार ३ असेल तर फाशांची बेरीज १२ आली तरी वातावरण ८ च्या वर जात नाही. टायटन या नियमातून निघूच शकत नाही! थंडीमुळे वायूंचे रेणू मंद गतीने फिरतात आणि निसटत नाहीत, ही गोष्ट नियमाने धरलेलीच नाही. अर्थात टायटनवरचा दाब ‘व्हॉयेजर १’ ने १९८० साली मोजला. १९७७ च्या पुस्तकाला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही.

लोकसंख्येची चूक मात्र माफ करण्याजोगी नाही. येथे अंक दहाचा घात दाखवतो. ५ म्हणजे लाखांत, ७ म्हणजे कोटींत, ९ म्हणजे अब्जांत. लघुगणक शिकवताना याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही. पण हा अंक दोन फाशांच्या बेरजेतून २ वजा करून येतो, बस्स. हवा आहे का, पाणी आहे का, कोणी विचारत नाही. बेरीज १० किंवा अधिक येण्याची शक्यता ३६ पैकी ६. म्हणजे हवा नसलेल्या दर सहा ग्रहांपैकी एकावर दहा कोटी किंवा अधिक माणसे राहणार. त्यांच्याकडचे तंत्रज्ञान वाफेच्या इंजिनाच्या काळातले निघाले तरी नियमाची हरकत नाही. खेळाचे चाहते म्हणतात, विसंगती दिसली की सूत्रधार कारण शोधतो आणि त्यातूनच गोष्ट जन्मते. खाणी असतील, हद्दपार केलेले लोक असतील. हे निम्मेच खरे आहे. काचेच्या घुमटाखालच्या शहराला कारण सापडते. वाफेच्या इंजिनावर श्वास घेणाऱ्या दहा कोटींना कोणते कारण देणार? २००८ च्या आवृत्तीत हवेनुसार लोकसंख्या कमी-जास्त करणारा ऐच्छिक नियम आला, यावरून ही खोड इतरांनाही खटकत होती हे दिसते.

याहून विचार करायला लावणारी बेरीज पुढे आहे. शासनाचा अंक म्हणजे दोन फासे, उणे ७, अधिक लोकसंख्या. या तक्त्यात ४ म्हणजे प्रातिनिधिक लोकशाही, ९ म्हणजे जनतेपासून तुटलेली नोकरशाही, १० पासून हुकूमशाही. गर्दी वाढेल तशी लोकशाही मावळेल, असे ही बेरीज सांगते. खेळात हा नियम ग्रहांसाठी आहे, देशांसाठी नाही. तरी भारताला लावून पाहा. १९७७ मध्ये आपण साठ कोटींहून अधिक होतो. अंक ८. लोकशाही येण्यासाठी बेरीज ३ हवी, शक्यता अठरात एक. त्याच वर्षी मार्चमध्ये या देशाने आणीबाणीनंतर मतपेटीतून सरकार बदलले होते. आज एकशेचाळीस कोटींवर गेल्याने अंक ९ झाला आहे. आता दोन्ही फाशांवर एकच पडायला हवे, छत्तीसात एकदा.

भौतिकशास्त्रातली चूक मोजमापाने दाखवता येते. ही बेरीज तशी सहज पकडता येत नाही, म्हणून ती अधिक काळ टिकते. नववी-दहावीच्या वर्गात मुलांना हे दोन्ही नियम फळ्यावर लिहून द्यावेत आणि कोणती खूण कशाच्या आधारावर आहे ते विचारावे. दोन फासे आणि एक तास पुरतो. मूळ पुस्तकातच सूत्रधाराला फासे बाजूला ठेवून हवा तो ग्रह मांडण्याची मुभा आहे. तेव्हा मुलांनी नवा नियम सुचवला तर तोही ग्रहांच्या चार-पाच ओळी काढून तपासून पाहता येईल.