मानपत्र आणि अनावृत पत्र

मानपत्र हा आपल्याकडचा सर्वांत उपेक्षित वाङ्मयप्रकार असावा. लिहिणारे पुष्कळ, ऐकणारे नाइलाजाने, आणि वाचणारा कोणीच नाही! श्रीफळ घरी जाऊन चटणीत खर्ची पडते, शाल कपाटात जाते, आणि चौकटीतले मानपत्र दर दिवाळीला एकदा फडक्याने पुसले जाते. अशा मजकुराची समीक्षा कोण करील? पण गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या हक्कांसाठी जी माणसे झगडली, त्यांच्या गौरवाची मानपत्रे वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. त्यांत सत्कारमूर्ती निर्भीड असते, झुंजार असते, दीनदुबळ्यांची कैवारी असते; फक्त ज्याच्यासाठी ही झुंज झाली, ते माणूस कोठे आहे याचा पत्ता लागत नाही. रामायणातून सीतेला वगळावे आणि रामाच्या पराक्रमाची वाखाणणी करावी, तसा हा प्रकार होतो.

अशा वेळी मला एका वेगळ्या पत्राची आठवण होते. ते मानपत्र नव्हे. अनावृत पत्र आहे. १६ सप्टेंबर १९७९ ही त्यावरची तारीख. ते लिहिले भारताच्या सरन्यायाधीशांना, आणि खाली सह्या आहेत कायद्याच्या चार अभ्यासकांच्या: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार.

त्या पत्राचे निमित्त आपल्याच महाराष्ट्रातले होते. मार्च १९७२ मधली रात्र. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंजचे पोलीस ठाणे. मोलमजुरी करणारी एक पोरकी आदिवासी मुलगी, वय १४ ते १६ च्या दरम्यान. भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला तेथे आणले होते. जबाब झाले, घरची माणसे बाहेर पडली, हिला मात्र आत थांबवून घेतले. रक्षण करणाऱ्यांनीच तिच्यावर अत्याचार केल्याची ती फिर्याद. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघा पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमेची खूण नाही, तेव्हा प्रतिकार झाला नसावा आणि तिची संमती असावी, असा त्या निकालाचा एकूण ओघ होता.

आता पत्राकडे समीक्षकाच्या नजरेने पाहू. त्याचे पहिले बळ एका शब्दभेदात आहे. शरण जाणे आणि संमती देणे या दोन क्रिया एक नव्हेत, एवढेच त्याचे म्हणणे. हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही. सावकारापुढे अंगठा उठवणाऱ्या कुळाला विचारा, तो सांगेल. पण साध्या गोष्टी मोठ्या दालनात शिरताना दाराशीच अडतात, आणि तेथून त्यांना हाताला धरून आत नेणारा कोणी तरी लागतो. त्या चौघांनी हे काम केले.

दुसरे बळ दृष्टीच्या दिशेचे. निकालाची नजर त्या मुलीच्या अंगावर खिळली होती. पत्राने ती उचलून ठाण्याच्या खोलीभर फिरवली. रात्र किती झाली होती? दार कोणी लावले? वर्दी कोणाच्या अंगावर होती? गरीब, अशिक्षित पोरीला अशा जागी केवढी धास्ती वाटत असेल? कथेतले पात्र समजायचे तर आधी त्याची परिस्थिती समजावी लागते, हे आम्ही टीकाकार लेखकांना सतत ऐकवतो. येथे तेच न्यायालयाला ऐकवले आहे.

आणि मग पत्रात एक फार सुंदर जागा येते. सरन्यायाधीशांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळख लपवून, गरिबाच्या वेषात, दिल्लीजवळच्या खेड्यांतली काही पोलीस ठाणी पाहून यावीत, अशी त्यांना विनंती आहे. रात्री घोंगडी पांघरून नगरीत हिंडणारा राजा आपण आजीच्या गोष्टीत पाहिलेला असतो. कलमांच्या जंगलात तो अचानक भेटावा, याचे नवल वाटते. अदब सुटलेली नाही, आणि बोचायचे ते बोचलेही आहे.

तरीही हे लेखन निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्यात त्या मुलीबद्दल पुष्कळ आहे, तिचे स्वतःचे असे फार थोडे आहे. तिच्यासारख्या असंख्य मुक्या मजूर स्त्रियांसाठी पत्र तिच्याच नावाचे अनेकवचन करते. हेतू उदात्त खरा. पण अनेकवचनात एका पोरीचा चेहरा पुसट होतो. खटला आजही तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव येथे लिहीत नाही, कारण या पत्रानंतर उठलेल्या चळवळीतून १९८३ साली जो कायदा झाला, त्यानेच पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरवले! त्याच कायद्याने असेही सांगितले की पोलिसांच्या ताब्यात असा प्रसंग घडला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे. पुढे २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रियेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या झाली आणि आरोपी सुटला तर अपील करण्याचा अधिकार पीडिताला मिळाला. तोवर खटला सरकारचा आणि आरोपीचा. जिचे सर्वस्व गेले ती फक्त साक्षीदार.

त्या मुलीला मात्र यातले काय मिळाले? तिच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. तिच्या दुःखावर इतरांसाठी कायदा उभा राहिला. लोतिका सरकार २०१३ साली गेल्या, वसुधा धागमवार २०१४ साली. त्यांचा गौरव करताना हा हिशेब झाकून ठेवला, तर तो गौरव खोटा ठरेल. कारण सत्तेपुढे अपुरा हिशेब मांडणे हेच तर त्यांचे काम होते.

म्हणून अशा माणसांची मानपत्रे लिहिणाऱ्यांना माझी एकच सूचना. विशेषणे थोडी कमी करा. त्या वाचलेल्या जागेत लिहा: ती रात्र कोणती होती, दार कोणी लावले होते, आणि बाहेर कोण वाट पाहत उभे होते. एवढे लिहिले की सत्कारमूर्तीचे मोठेपण आपोआप दिसेल. आणि पुढल्या दिवाळीला चौकट पुसताना घरातले कोणी तरी दोन ओळी वाचून हातातले फडके क्षणभर थांबवील.