पहिले पुस्तक कोणाचे?

दलित समीक्षेने कादंबरी वाचली, कविता वाचली, आत्मकथने वाचली, आणि प्रस्थापित मराठी वाङ्मयाचे अनुभवविश्व किती तोकडे आहे हे पुराव्यानिशी मांडले. परंतु एका पुस्तकाकडे तिची नजर फारशी वळलेली नाही. ते पुस्तक म्हणजे अंकलिपी. मराठी मुलाच्या हाती येणारे पहिले पुस्तक बहुधा तेच असते, आणि आपल्या वस्त्यांतून कित्येकांच्या हाती आलेले शेवटचे पुस्तकही तेच ठरले. ज्या पुस्तकापाशी वाचक घडतो किंवा मोडतो, त्याला साहित्यविचारातून वगळता येणार नाही.

मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वर्गात पाथर्डी-शेवगावकडून आलेली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले-मुली असतात. उतारा वाचायला सांगितला की त्यांतली कित्येक जण न अडखळता वाचतात. पण उताऱ्यात काय म्हटले आहे असे विचारले की माना खाली जातात. काही जण तर मोठ्याने वाचायलाच तयार नसतात. ही बुद्धीची उणीव नव्हे. ज्यांना ऊस तोडायला गेलेल्या आई-बापांच्या मागे सगळे घर सांभाळता येते, त्यांना एक परिच्छेद कळू नये याचे कारण महाविद्यालयात सापडत नाही. ते पहिलीच्या वर्गात शोधावे लागते.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अंकलिपीत प्रत्येक अक्षराला एक चित्र टांगलेले असते. ‘ग’ला गणपती, ‘भ’ला भटजी, ‘य’ला यज्ञ, ‘क्ष’ला क्षत्रिय. अक्षर शिकता शिकता मुलाला एक समाजरचनाही शिकवली जाते, हा आक्षेप आता नवा नाही. तो खराच आहे. ज्या मुलाच्या वस्तीत यज्ञ कधी झाला नाही आणि भटजी कधी फिरकला नाही, त्याला ‘भ’ची ओळख भटजीकडून करून घ्यावी लागते, आणि त्याच्या ताटातली भाकरी पुस्तकाबाहेर राहते.

पण केवळ चित्र बदलून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. भटजीच्या जागी भीमराव आले तर मला आनंदच होईल. तरीही मूल ‘भ’ पाहून पाठ केलेला शब्द ओरडणार असेल, तर ते चित्र ओळखते आहे, वाचत नाही. कोणी आधी न सांगितलेला शब्द स्वतःच्या बळावर चिन्हांतून उकलणे आणि त्याचा अर्थ लागणे, याला वाचन म्हणतात. पूर्वीच्या व्यवस्थेने आपल्याला नाकारला तो नेमका हाच अधिकार. पाठांतर तिने एखादे वेळी चालवून घेतले असते.

आता अक्षरांचा क्रम पाहू. फार काळ आपल्या शाळांतून आधी सगळी मुळाक्षरे, मग बिनकान्याचे शब्द, आणि त्यानंतर एकेक करून काना, वेलांटी, उकार, मात्रा असे शिकवले गेले. वरवर पाहता हा क्रम निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याचा अर्थ असा, की पहिले कित्येक महिने मुलाला कमळ, बदक, मगर एवढेच वाचता येणार. पाथर्डीच्या माळावर कमळ कुठले आणि मगर कुठली? घर आणि गवत तेवढे ओळखीचे. त्याच्या तोंडातले बाकीचे शब्द पाहा: भाकरी, कोयता, मोळी, वाढे, पाचट, कोपी, टोळी, मुकादम. यांतला एकही शब्द स्वरचिन्हावाचून लिहिता येत नाही.

आणि स्वरचिन्हे कधी येणार? जूनमध्ये शाळा सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ज्या चिन्हांनी मुलाला स्वतःचे जग लिहिता-वाचता येईल, ती फळ्यावर उमटू लागतात तेव्हा ते मूल उसाच्या फडात धाकटे भावंड सांभाळत बसलेले असते. परत आल्यावर गुरुजी म्हणतात, हे पोर सगळे विसरले. वस्तुतः ते विसरलेले नसते; त्याला ते दिलेच गेलेले नसते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले. त्यांचे मोल आहेच. नव्या पाठ्यपुस्तकांत चित्रे आणि क्रमही पुष्कळ बदलले. पण सवय पुस्तकापेक्षा चिवट असते, आणि बाजारातली अंकलिपी तर त्याहून चिवट.

बिनकान्याचाच शब्द हवा असेल तर एक शब्द मी सुचवतो: ‘उचल’. तीन अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. मुकादमाकडून घेतलेली ही आगाऊ रक्कम फेडण्यासाठीच त्या मुलाचे आई-बाप फडात गेलेले असतात. हा शब्द घरात रोज ऐकू येतो, पण पहिलीच्या फळ्यावर कधी येत नाही. तो आला, तर पुढच्या हंगामात मुकादमाच्या वहीतला आकडा कोणीतरी वाचून पाहील.

तिसरा मुद्दा उच्चाराचा. आमच्याकडे पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कोणाला ‘कोन’ म्हणतात. मुलाने ‘पाणी’ हा छापील शब्द पाहिला आणि ‘पानी’ असे वाचले, तर त्याने बरोबर वाचले. चिन्हे उकलली, अर्थ लागला, तोंडातून आला तो घरचा उच्चार. परंतु वर्गात तिथेच हसू फुटते आणि छडी नसली तरी शब्द लागतो. माझ्या शाळेतही हे घडत होते. मुलाला मग कळत नाही की आपले वाचन चुकले की आपले घर चुकले. यातून निघालेला निष्कर्ष ते आयुष्यभर बाळगते: तोंड उघडू नये. महाविद्यालयात न वाचणारा विद्यार्थी हा त्या दिवशी गप्प झालेला असतो.

यावर लगेच विचारले जाईल, मग प्रमाणभाषा नको काय? हवी, निःसंशय हवी. अर्ज, कायदा, करारनामा, परीक्षा सगळे तिच्यात आहे. आपल्या मुलांना बोलीत कोंडून ठेवणे हा दुसरा गावकूस होईल. प्रश्न क्रमाचा आहे. वाचायला शिकवणे आणि उच्चार घासणे ही दोन कामे एकाच वेळी, एकाच मुलावर, एकाच आवाजात केली की पहिले काम बुडते. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलींतील भेदांचा अभ्यास केला, आणि त्यांनीच तिथल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. बोलीकडे दोष म्हणून न पाहणारा माणूसच वाचनाच्या प्रश्नाला हात घालतो, हा मला योगायोग वाटत नाही.

या बाबतीत नगरला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार १८३९ साली येथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहूनच जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फॅरारबाईंकडे झाले. पुढे फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ने तो १८५५ साली छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही ग्रंथाविना आहोत, असा तिचा मुद्दा होता. तिने छापील मराठीत लिहिले, पण लिहिले ते स्वतःच्या वस्तीचे दुःख. प्रमाणभाषा मिळवण्यासाठी तिला आपले जग फळ्याबाहेर टाकावे लागले नाही. पहिलीच्या शिक्षणाची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे मागितले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची कसोटी होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर मूल शाळेत राहते खरे. परंतु २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पूर्वी मूल शाळेबाहेर पडत होते. आता ते बाकावर बसलेले असते आणि पुस्तकाबाहेर पडलेले असते. हजेरीपटात ही गळती दिसत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्यापासून थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबतच काना-वेलांटी शिकवा, म्हणजे मुलाला ‘भाकरी’ दिवाळीच्या आत वाचता येईल. मुलाच्या तोंडचा शब्द फळ्यावर लिहा, त्याच्या शेजारी प्रमाण रूप लिहा, आणि दोन्ही वाचून घ्या. वाचताना आलेला घरचा उच्चार चुकीत मोजू नका. याला नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. मुलाचे घर खोटे नाही, एवढे मान्य करावे लागते. व्यवस्थेला नेमके तेच जड जाते.

मुक्ता साळवेने ग्रंथ कोणाचा असे विचारले होते. पहिलीत बसलेले पोर तो प्रश्न शब्दांत विचारू शकत नाही. ते गप्प राहते, आणि आपण त्या गप्प राहण्याला मठ्ठपणा म्हणतो. दलित समीक्षेने ते मौन आता वाचायला घेतले पाहिजे.