'भरदार' सॉफ्टवेअर : एका समजुतीची झडती

बारामती-इंदापूर पट्ट्यात भजनाचं, कीर्तनाचं रेकॉर्डिंग करणारी पोरं आता गावोगाव सापडतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : अमक्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की आवाज भरदार येतो, तमक्यात पातळ येतो. आज आपण या वाक्याची झडती घेणार आहोत. कारण त्यापायी लोक खिशातले पैसे घालवतात, आणि आवाजाचं खरं वाटोळं जिथं होतं तिकडं कुणी बघतच नाही.

आवाजाचा प्रवास बघा. माइक, मग प्रीअँप, मग आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर. तो सेकंदाला ४८,००० वेळा माप घेतो. सॉफ्टवेअर ते आकडे फायलीत उतरवून घेतं, एवढंच. डेअरीत फॅट मशीन मोजतं आणि आकडा वहीत जातो. महागडी वही आणली म्हणून फॅट वाढत नाही. रेकॉर्डिंगच्या त्या टप्प्यावर ऑडॅसिटी, रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स या सगळ्या वह्याच.

यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. एकच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडा, काहीही न करता पुन्हा बाहेर काढा. मग एकीची लाट उलटी करून दोन्ही एकावर एक ठेवा. फरक नसेल तर शांतता उरते. ऑडॅसिटीतून १६ बिटमध्ये काढलीत तर मात्र अगदी बारीक खरखर उरेल, कारण ती शेवटच्या बिटात मुद्दाम थोडा गोंधळ मिसळते. त्याला डिदर म्हणतात, आणि सेटिंगमध्ये तो बंद करता येतो. १६ बिटची पट्टी साधारण ९६ डेसिबलची. तिच्या तळाशी असलेली ही खरखर टाळ-मृदंगात ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो काय, भास? नाही. बऱ्याचदा तो खराच असतो, पण त्याचं कारण भलतंच असतं. एका माइकचा मोनो ट्रॅक मध्यभागी ठेवला की काही सॉफ्टवेअर तो ३ डेसिबलने खाली आणतात, काही तसाच ठेवतात. याला पॅन लॉ म्हणतात. ३ डेसिबल कानाला सहज कळतात, आणि जरा मोठा आवाज माणसाला नेहमीच गोड वाटतो. 'भरदार' म्हणून ज्याचं कौतुक चालतं, ते पुष्कळदा हेच. आवाजाची पातळी सारखी न करता केलेली तुलना आम्ही तुलना मानत नाही.

या वादात पूर्वी थोडं तथ्य होतं, हेही सांगायला हवं. प्रो टूल्सच्या जुन्या कार्डांवर मिक्सिंगचं गणित वेगळ्या पद्धतीनं चालायचं, इतरांकडे ३२ बिट फ्लोटवर. आता जवळजवळ सगळीकडे फ्लोटच आहे, तरी गप्पा जुन्याच चालू आहेत.

पण 'सॉफ्टवेअरनं काहीच फरक पडत नाही' असं म्हणणाऱ्यांशीही आमचं पटत नाही. ते स्टुडिओपुरतं बोलतात. आपल्याकडे निम्मं रेकॉर्डिंग फोनवर होतं, आणि तिथं अ‍ॅपनं फरक पडतो, चांगलाच पडतो. काही अ‍ॅप एएमआर प्रकारात साठवतात. तो प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला. त्याच्या साध्या रूपात सेकंदाला ८,०००च मापं असतात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. टाळांची चमक तिथंच तर असते! शिवाय काही अ‍ॅप गोंगाट कमी करण्याची सोय परस्पर चालू ठेवतात.

आता जात्यावरच्या ओव्यांचं बघा. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल त्यांच्या कामात आले आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. २०१७ पासून तो 'पारी'वर ऐकायला मिळतो. आज एखादी पोरगी आजीची ओवी फोनवर घेईल तेव्हा अ‍ॅपला जात्याची घरघर काय वाटणार? सतत चालणारा आवाज, म्हणजे गोंगाट! ते ती पुसणार. आजीचा गळा स्वच्छ येईल, पण ज्या फेऱ्याच्या लयीवर ओवी उभी आहे तीच निघून जाईल. एकदा पुसलेलं परत येत नाही. आमच्या मते सॉफ्टवेअरवर टीका करायचीच तर ती इथं करावी.

बेलवडीच्या रिंगणात दुसरीच गत. शेकडो टाळ एकदम वाजतात, गेन चढा राहिलेला असतो आणि आवाज कन्व्हर्टरच्या दारातच फाटतो. मग सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, फाटलेलं मूळ रूपात मिळत नाही. पातळी आधी खाली घ्या, सर्वांत मोठ्या आवाजालाही १०-१२ डेसिबल जागा राहू द्या. २४ बिटमध्ये ती जागा परवडते.

समोरून प्रश्न आलाय, नेमकं कोणतं अ‍ॅप घ्यावं? नाव आम्ही सांगत नाही. सेटिंग उघडा. वेव्ह प्रकार निवडता येतो का, गोंगाट कमी करणं बंद करता येतं का, पातळी हातानं लावता येते का, एवढं पाहा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ घेतलंत तर तासाला साधारण १ जीबी जागा लागेल. साफसफाई करायची ती प्रतीवर. आणि आजीची ओवी घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर पाठवा, फक्त ती मूळ फाइल म्हणून जपून ठेवू नका.